मंच त्यांचा, शब्द कोणाचे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सोलापुरात शाळकरी मुलांसाठी नाटिकांची एक स्पर्धा भरत असे. प्रवेशशुल्क नव्हते, जातीधर्माची अट नव्हती, बक्षिसेही बऱ्यापैकी होती. आयोजक मंडळी मनाने चांगली होती. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने एकदा मला विचारले, "बाई, आम्ही दरवर्षी तुमच्या शाळेला पत्र पाठवतो. दार सगळ्यांना उघडं आहे. पण तुमची मुलं येतच नाहीत. असं का?"

त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. खरीखुरी खंत होती. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असायला हवे होते, पण मला काही सांगता आले नाही. "यंदा नक्की आणते," एवढे बोलून मी सुटका करून घेतली. पुढे जे घडले त्यातून माझ्या मनात एक प्रश्न रुजला. वंचित मुलांना आपण कलेच्या मंचावर बोलावतो, तेव्हा नेमके कशासाठी बोलावतो? आणि ती आली, म्हणजे त्यांचा सहभाग झाला का?

मुले का येत नाहीत हे शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. तालमी संध्याकाळी सहा ते आठ. त्या वेळी आठवी-नववीची निम्मी मुले गॅरेजवर, चहाच्या टपरीवर किंवा वडिलांच्या हातगाडीवर असतात. उरलेली अरबी शिकायला मशिदीत जातात. मुली घरी असतात, कारण मगरिबनंतर मुलगी बाहेर नको, आणि तीच वेळ भाकऱ्यांचीही. तालमीची जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे आले. नाटिका मराठीतून हवी. आमची मुले मराठी हा विषय शिकतात, बाजारात मराठी बोलतात, पण परीक्षकांसमोर बोलायचे म्हटले की त्यांची जीभ अडखळते. वेशभूषेचा खर्च ज्याचा त्याने करायचा. यातली एकही अट कोणी मुद्दाम आमच्या मुलांना वगळण्यासाठी घातलेली नव्हती. तरीही या सगळ्या अटी एकत्र आल्या की त्यांची भिंत होत होती. दार उघडे होते हे खरे, पण ते अशा ठिकाणी आणि अशा वेळी उघडे होते की आमच्या मुलांना तिथवर पोचताच येत नव्हते.

मुलांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा 1989 साली झाला आणि भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात व कलांमध्ये मोकळेपणाने भाग घेणे हा मुलाचा हक्क मानला आहे. कला हा हक्क म्हटला की सगळा विचारच उलटा होतो. मग "मुलं का येत नाहीत?" असे विचारून भागत नाही. "आम्ही दार चुकीच्या जागी तर बसवले नाही ना?" असे आयोजकाला स्वतःला विचारावे लागते.

त्या वर्षी मी धडपड करून नऊ मुले तयार केली. मधल्या सुट्टीत आणि रविवारी सकाळी तालमी घ्यायच्या ठरवल्या. विषय कोणता घ्यावा असे विचारल्यावर आठवीतल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी वही आणून दिली. तिने स्वतःच नाटिका लिहिली होती, अर्धी उर्दूत आणि अर्धी आमच्या घरगुती दखनीत. विषय होता पाणी. त्या काळात आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ यायचा, आणि तोही मध्यरात्रीनंतर. नाटिकेत सगळी गल्ली जागी आहे. एक म्हातारी दोन घागरींवर पहारा करते आहे. एक मुलगी रात्री दोनपासून पाणी भरते आणि सकाळी वर्गात पेंगते. टीचर तिला उभी करतात आणि म्हणतात, "रात्रभर टीव्ही बघत बसता, मग इथे येऊन झोपता!" मुलगी काहीच बोलत नाही. नाटिका तिथेच संपते.

वही मिटली तेव्हा माझे तोंड उतरले होते. त्या टीचरचे वाक्य माझेच होते. मी ते वर्गात कितीदा तरी म्हटले होते. ती मुलगी मला समोरासमोर जे कधीच सांगू शकली नसती, ते तिने नाटिकेतून सांगितले होते. कलेचा उपयोग काय असे मला पुढे अनेकांनी विचारले. त्या प्रत्येक वेळी मला ही वही आठवते.

मी नाटिकेचे मराठी करून आयोजकांना दाखवले. त्यांनी मन लावून वाचले आणि म्हणाले, "छान आहे. पण पाणी काय, सगळ्यांचाच विषय आहे. तुमच्या शाळेकडून तुमचा विषय यायला हवा. एकात्मतेवर काही बसवा ना. लोकांना फार भावेल."

मी मान डोलावली. आज मला त्याचीच लाज वाटते. आम्ही एकात्मतेवर नाटिका बसवली. एक टोपीवाला मुलगा, एक टिळेवाला मुलगा, मधे भांडण आणि शेवटी गळाभेट. टाळ्या पडल्या, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. वर्तमानपत्रात फोटो आला. पण ज्या मुलीने पाण्यावर लिहिले होते तिने नंतर मला वही दाखवणे बंद केले. ती नाराज दिसत नव्हती, विचारले तर हसून "कुछ लिखीच नै, टीचर" म्हणायची. आपण काय लिहितो त्याची कोणाला गरज नाही, एवढाच धडा तिने घेतला होता. आणि तो धडा तिला मी दिला होता.

एकात्मता नको असे कोण म्हणेल? ती आमच्यापेक्षा जास्त कोणाला हवी असणार? पण "सगळ्यांचा विषय" मांडायचा हक्क सगळ्यांना आणि मुसलमान मुलाला मात्र "त्याचा विषय", ही वाटणी कोणी केली? आमच्या शहरात चार हुतात्म्यांचा मोठा अभिमान आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिले गेले. 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणाऱ्या तरुण कुर्बान हुसेन यांची भूमिका करायला मिळणे हा कोणत्याही मुलाचा मानच आहे. पण आमच्या मुलाच्या वाट्याला दरवेळी कुर्बान हुसेनच का यावेत? त्याला कधी मल्लप्पा धनशेट्टी का मिळू नयेत? आणि एखाद्या धनगराच्या किंवा पद्मशाली विणकराच्या मुलाने कुर्बान हुसेन का होऊ नये? ते चौघे एकाच कारणासाठी फासावर गेले. मुलांना त्यांच्या नावाप्रमाणे भूमिका वाटून देताना आपण ते कारणच विसरत नाही ना?

वंचितांसाठीच्या कलाउपक्रमांत हा धोका फार आहे. आपण त्यांना मंच देतो, आणि बदल्यात त्यांच्याकडून आपल्याला हवे ते ऐकू पाहतो. झोपडपट्टीतल्या मुलाने व्यसनावर बोलावे, आदिवासी मुलाने नाचून दाखवावे, मुसलमान मुलाने गळाभेट घ्यावी. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात, चांगुलपणाचे समाधान मिळते, आणि मुले घरी जातात. अशा वेळी मंचावर मुले असतात, पण बोलत दुसरेच कोणी असते.

ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांनी स्वतःचाच एक अनुभव लिहून ठेवला आहे. त्यांची नाटकमंडळी गरीब शेतकऱ्यांसमोर नाटक करीत होती. शेवटी नट बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडण्याचे आवाहन करीत. एका खेळानंतर एक शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला, चला, तुमच्या बंदुका घ्या, आपण आत्ताच जमीनदाराशी लढू. मंडळींना ओशाळून सांगावे लागले की या बंदुका नाटकातल्या आहेत. शेतकरी म्हणाला, बंदुका खोट्या असतील, पण तुम्ही तर खरे आहात ना? मग चला. तेव्हा बोआल यांच्या लक्षात आले की जो धोका आपण स्वतः पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. पुढे त्यांनी नाटकाची रीतच बदलली. प्रेक्षकाने उठावे, नटाच्या जागी उभे राहावे आणि प्रसंग आपल्या बुद्धीने पुढे न्यावा. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था पुढे गावागावांत हीच रीत घेऊन गेली.

आणि आपल्या महाराष्ट्राला हे काही परके नाही. बार्शीचे महबूब हुसेन पटेल मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. ते शाहीर अमर शेख झाले ते कोणी त्यांना "तुमचा विषय मांडा" म्हटले म्हणून नव्हे. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर 1944 साली लाल बावटा कलापथक उभे राहिले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज मैदाने भरून टाकू लागला. त्या आवाजाला कोणी "मुसलमानांचा विषय" मागितला नाही. गिरणी, भूक, सीमाभाग, मुंबई हे सगळे त्यांचे विषय होते. त्याच्याही आधी पेशवाईतले शाहीर सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते, आणि मराठी लावणीचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. ज्या समाजाने मराठीला असे शाहीर दिले, त्या समाजातल्या मुलीने पाण्यावर नाटिका लिहिली तर ती कोणाला अनपेक्षित का वाटावी?

अलीकडचे उदाहरण ठाण्याचे आहे. रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून 2014 मध्ये समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने 'वंचितांचा रंगमंच' सुरू झाला. मतकरी मोठे नाटककार होते, बालरंगभूमीवर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. स्वतःची एखादी संहिता देऊन वस्तीतल्या मुलांकडून ती बसवून घेणे त्यांना काहीच अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. मुलांनी आपल्या जगण्यातले विषय निवडायचे, आपणच नाटिका रचायची, आपणच करायची, आणि जाणत्या रंगकर्मींनी फक्त साथ द्यायची, अशी ती कल्पना होती. मतकरी 2020 साली करोनाने गेले. माझ्या मते, ज्याला लिहिता येते अशा माणसाने दुसऱ्याला लिहू देण्यासाठी आपली लेखणी बाजूला ठेवावी, ही या उपक्रमातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे.

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या दाराविषयी बोलले. आता आपल्या दाराकडे पाहू. आपल्या उर्दू शाळांमध्ये कला नाही असे नाही. बैतबाजी आहे, तकरीर आहे, नात आहे, खुशखत आहे. पण आपण तिथे कोणाला निवडतो? ज्याचा तलफ्फुज साफ, ज्याचे शीन-काफ दुरुस्त, त्याला. ही मुले बहुधा शिकलेल्या घरची असतात. बागवान, अत्तार, पिंजारी, रिक्षावाल्याचे मूल "मेरे कू, तेरे कू" म्हणत उभे राहिले की आम्ही शिक्षकच हसतो आणि त्याला खाली बसवतो. दखनी ही त्याच्या आईची भाषा आहे, त्या भाषेला कित्येक शतकांचे साहित्य आहे, हे आम्ही त्याला सांगत नाही. मराठी मंचावर ते मूल मराठीसाठी अडते आणि उर्दू मंचावर उर्दूसाठी. त्याने बोलायचे तरी कुठे? आयोजकांनी मला "तुमचा विषय करा" म्हटले तेव्हा मला बोचले. पण मी इतकी वर्षे मुलांना "नीट भाषेत बोला, नाहीतर बोलू नका" म्हणत होते, त्याचे काय?

आणि शाळेत येणाऱ्यांचीच ही कथा. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटले होते की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे पंचवीस टक्के मुले एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. म्हणून फक्त शाळांमार्फत चालणारे उपक्रम ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. ते मोहल्ल्यात यायला हवेत.

मोहल्ल्यात आणायचे म्हटले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, "आधी पोटापाण्याचे बघा. मुले गणितात नापास होतात आणि तुम्ही नाटके करता!" हा आक्षेप मी हलका मानत नाही. मी स्वतः दहावीचे निकाल पाहून रडलेली शिक्षिका आहे. पण ज्या मुलाला चारचौघांत उभे राहून एक वाक्य बोलता येत नाही, त्याला मुलाखतीत, कचेरीत, दवाखान्यात, पोलीस चौकीत कोण बोलू देणार? भाकरी आणि आवाज यांतले एकच निवडा असे श्रीमंतांच्या मुलांना कोणी सांगत नाही. ते आपल्याच मुलांना का सांगितले जाते?

दुसरा आक्षेप दीनचा. संगीत आणि चित्र यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्या घराला काही गोष्टी मान्य नाहीत त्या घराचा मान राखला पाहिजे. कोणाच्या श्रद्धेला ओलांडून त्याच्या मुलाला मंचावर ओढणे हाही जुलूमच. वाद्याशिवाय कथा सांगता येते, खुशखत शिकता येते, नाटिका करता येते. मात्र हदीसमध्ये आलेला एक प्रसंग आपण विसरू नये. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (र.) यांच्या घरी दोन मुली दफ वाजवून गात होत्या. हजरत अबू बक्र (र.) आले आणि रागावले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले. मुलींना राहू द्या, आज ईद आहे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. याच्यावरून संगीताबद्दलचा फतवा काढण्याचा मला अधिकार नाही. मला त्यात एवढेच दिसते की घरातले सर्वांत आदरणीय वडीलधारे मुलींवर रागावले, आणि त्यांच्याहून थोर असलेल्याने मुलींची बाजू घेतली.

आता त्या मुलीकडे परत येते. दोन वर्षांनी, ती दहावीत असताना, मी तिची जुनी वही मागितली. तिने ती जपून ठेवली होती. आम्ही नाटिका मोहल्ल्यातल्या शादीखान्यात करायची ठरवली. रविवारी सकाळी दहाला, त्याच दखनीत, घरच्याच कपड्यांत. गॅरेजवाल्या मुलांना रविवारी सकाळी मोकळीक होती, आणि शाळा सोडलेली तीन मुलेही आली. ती मुलगी तालमीत सगळ्यांना शिकवायची, पण स्वतः भूमिका घेत नव्हती. मी मनाशी ठरवून टाकले की वडिलांना चालणार नाही. मला हे उदारही वाटले. तिच्या घराचा मान राखला, शब्द तर तिचेच आहेत, असे मी स्वतःला समजावले. शेवटी एकदा सहज विचारले, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "अब्बा कू पूछके तो देखो ना, टीचर."

म्हणजे तिला करायचे होते. आणि तिच्या वडिलांना कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही. मी त्यांच्या वतीने नकार देऊन मोकळी झाले होते.

ते रिक्षा चालवतात. रिक्षा थांब्यावरच गाठले. त्यांनी दीनचा विषय काढला नाही, इज्जतीचाही नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. "कित्ते बजे है? और कौन लडक्या है? घर कू कौन लाके छोडता?" तिन्ही उत्तरे दिल्यावर म्हणाले, "ठीक है, करने देव." थोडे थांबून, "मार्का मिलते क्या इसके?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण शब्द फिरवला नाही. मात्र शहरातल्या मोठ्या सभागृहात प्रयोग करायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. तो नकार अजून कायम आहे आणि माझ्याकडे त्यावर उपाय नाही.

शादीखान्यात साठ-सत्तर माणसे होती. बहुतेक बायका. म्हातारी घागरी राखते त्या प्रसंगाला त्या इतक्या हसल्या की पुढची वाक्ये ऐकूच आली नाहीत. टीचरची भूमिका त्या मुलीनेच केली. माझ्यासारखा पदर खोचून, माझ्यासारखाच चष्मा वर सरकवत. मी पहिल्या रांगेत बसले होते.

त्या दिवसापासून मी कोणत्याही उपक्रमाला तीन प्रश्न विचारते. मुलाला पोचता येईल अशा वेळी आणि अशा जागी तो आहे का? बोलायचे काय हे मूल ठरवते का? आणि त्याला नाही म्हणता येते का? पहिल्याला "नाही" असे उत्तर असेल तर उपक्रम अपुरा आहे, तो सुधारता येतो. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला "नाही" असेल तर मात्र तो मुलांसाठी नाहीच, तो आपल्यासाठी आहे.

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखादा शादीखाना, जमातखाना किंवा शाळेचा वर्ग रविवारी सकाळी रिकामा पडलेला असतो. पैसा फारसा लागत नाही. दोन तास लागतात, एक सतरंजी लागते, आणि मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांच्या प्रश्नांची उत्तरे देणारे कोणी तरी लागते. हा अंक वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, कवी आहेत, निवृत्त नोकरदार आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाला लिहिता येते. थोडे दिवस आपण ऐकायला बसावे, एवढीच माझी विनंती आहे. मुले जे सांगतील त्यात एखाद्या वेळी आपलेच वाक्य ऐकू येईल. त्याची तयारी मात्र ठेवावी.